आपली गल्ली, आपलं गाणं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता विचारला की लोक गल्लीचा नंबर सांगतात. ऐंशीच्या दशकात इथल्या कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानात मी काउंटरला असायचो. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन यायचं. साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून यादीचा क्रम आम्हीच फिरवायचो. कॅसेट भरली की मागचे दोन प्लॅस्टिकचे कान मोडायचे, म्हणजे चुकून पुसली जात नसे. पुन्हा भरायची असेल तर त्या भोकांवर चिकटपट्टी. १९८४ साली कॉपीराइट कायदा कडक झाला. आमचं काम त्यात बसत नव्हतं, तरी ते थांबलं नाही.

मागणी मुख्यतः हिंदी सिनेमाची, लावणीची, भावगीतांची. इंग्रजी रॉक आणलं ते इंजिनिअरिंगच्या पोरांनी. त्यांच्याचकडून 'रॉक मशीन' हे नाव कानावर आलं. १९८४ साली मुंबईत जमलेला हा बँड. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड परदेशी गाणी वाजवायचे. हे सुरुवातीला तेच करत, पण १९८८ साली त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला अल्बम काढला. जोर दांडगा होता. तरी घाट अमेरिकेचाच वाटायचा. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं.

मग २००६ साल आलं. इंग्लंडातल्या शेफील्डच्या 'आर्क्टिक मंकीज'चा पहिला अल्बम जानेवारीत निघाला आणि पहिल्याच आठवड्यात तिथं साडेतीन लाखांवर प्रती खपल्या. त्याआधी ही पोरं आपल्या कार्यक्रमांत डेमो सीडी फुकट वाटत. ऐकणाऱ्यांनी त्यांच्या नकला काढून इंटरनेटवर पसरवल्या. म्हणजे आमचाच धंदा, फक्त बिनपैशाचा! पण नुसत्या नकलेनं एवढं होत नाही. त्यांनी शेफील्डच्याच बोलीत क्लबच्या दारातले दांडगे, रात्रीची टॅक्सी, पोरापोरींची भांडणं गायली. माणसांना त्यात आपलं गाव सापडलं.

ही रीत कोल्हापूरला नवी नाही. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या डफावर इथली माणसं आपल्याच मातीतल्या बोलीत पोवाडे ऐकत आली. आज गणपती आगमनाच्या मिरवणुकीत जनता बझार चौकात साउंडच्या भिंती उभ्या राहतात, छाती हादरते, आणि त्यावर वाजतात ती बाहेरून आलेली गाणी. आवाजाला तोटा नाही, गाण्याला आहे.

म्हणून गिटार घेऊन बसणाऱ्या इथल्या पोरांना सांगणं एवढंच: दुसऱ्याचं वाजवून हात बसवा, पण पहिला अल्बम काढाल तेव्हा तो तुमच्या गल्लीचा, तुमच्या बोलीतला असू द्या. नकला काढणारे आपोआप भेटतील, त्याची हमी मी देतो.