कोनशिला आधी, नकाशा मागून

गावात नवी इमारत व्हायची म्हटली की काय होतं, ते आपण सगळ्या जाणतो. पैसा मंजूर होतो, नारळ फुटतो, पाया खणला जातो. मग भिंती वर आल्यावर आपण विचारतो, "बायकांनी बसायचं कुठं? संडास कुठाय?" तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आज आम्ही मुंबईतल्या दोन जुन्या इमारतींची हकिकत सांगणार आहोत. या दोन्ही इमारतींचे नकाशे स्पर्धेतून आले होते.

नकाशांची स्पर्धा म्हणजे काय? इमारत कशासाठी हवी, जागा किती, खर्च किती करायचा, हे आधी जाहीर करायचं. मग वास्तुकारांनी आपापले नकाशे काढून पाठवायचे आणि जाणकारांनी ते शेजारी शेजारी ठेवून निवड करायची. लुगडं घेतानासुद्धा आपण चार घड्या उलगडून बघतो, तसंच हे.

पहिली इमारत मुंबई महापालिकेची. तिची कोनशिला लॉर्ड रिपन यांनी ९ डिसेंबर १८८४ रोजी बसवली, पण काम सुरू व्हायला १८८९ साल उजाडलं. मधल्या काळात नकाशाचा घोळ चालला होता. मद्रासकडे नाव कमावलेले रॉबर्ट चिझम यांचा नकाशा पसंत पडला होता. त्यात आपल्याकडच्या घुमटांची घडण होती. शेवटी मात्र बांधकाम झालं ते फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या नकाशाप्रमाणे. समोरचं बोरीबंदरचं स्टेशनही त्यांचंच. म्हणजे स्पर्धा जिंकली तरी इमारत उभी राहीलच असं नाही.

पुढचा आकडा मात्र ऐकण्यासारखा आहे. या कामाला ११,८८,०८२ रुपये मंजूर होते. १८९३ मध्ये इमारत पुरी झाली, तेव्हा खर्च झाला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले! आपल्या बचत गटाच्या वहीत जसा पै-पैचा हिशेब असतो, तसाच हाही लिहिलेला राहिला, म्हणून आज आपल्याला कळतो.

दुसरी इमारत म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इथंही कोनशिला आधीच बसली, ११ नोव्हेंबर १९०५ रोजी. स्पर्धेतून जॉर्ज विटेट यांची निवड झाली ती १९०९ मध्ये. विटेट परदेशी, पण त्यांनी आपल्या मातीतलं पाहून घेतलं. घुमटाला विजापूर-गोवळकोंड्याचं वळण दिलं. दगड कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर. कुर्ल्याचा तो काळा दगड म्हणजे आपल्या शिवनेरीचा, लेण्याद्रीच्या लेण्यांचा, तोच सह्याद्रीचा पाषाण. आतल्या दालनात नाशिककडच्या एका जुन्या वाड्याचे कोरीव लाकडी खांब बसवले. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्ध सुरू झालं आणि तिथं लष्करी दवाखाना आला. लोकांसाठी दार उघडलं १९२२ मध्ये.

या हकिकतीतून आम्हाला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, कोनशिलेची घाई केली तरी नकाशावाचून काम अडतंच. दोन, चांगला नकाशा गावचा दगड, गावचं लाकूड, गावची राहणी बघून काढलेला असतो. तीन, इमारत लोकांच्या पैशातून होत असेल तर तिचा हिशेब लोकांना दिसला पाहिजे.

आता राजुरीत काय, आळ्यात काय, कुठंही अंगणवाडी, सभागृह किंवा पंचायतीचं कार्यालय निघालं, तर नकाशा भिंतीवर लावायला सांगा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा आपल्या राज्यात कायदा आहे आणि पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या सभेत बोट ठेवून विचारा: दार कुठं, उजेड कुठून येणार, पाणी कुठून, लेकरू घेऊन आलेली बाई बसणार कुठं? कागदावरची रेघ खोडरबरानं पुसता येते. भिंत पाडायला मात्र पुन्हा पैसे मोजावे लागतात.