पाय चेपणारे हात

केडगावच्या देवीला नवरात्रात नगरहून माणसं भल्या पहाटे पायी येतात. रस्त्याला लागून घर असल्याने त्यांची चाहूल आम्हाला अंथरुणातच लागते. गेल्या नवरात्रात मात्र ती आम्ही दोघं जागेच राहून ऐकत होतो. माझ्या पत्नीची बायपास होऊन तीन आठवडे झाले होते. छातीचं हाड अजून जुळायचं होतं, कुशीवर वळता येत नव्हतं, झोप लागत नव्हती. पाय चेपले तर तिला बरं वाटेल, म्हणून मी पायाशी बसलो. हात लावला, तशी तिने पाय आखडून घेतला. म्हणाली, ‘‘रहने दो जी. कोणी पाहिलं तर?’’

तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या अम्मीचे, अब्बांचे आणि माझेही पाय चेपले. तिचे पाय कुणी चेपले होते? मला एकही दिवस आठवेना.

मंडळी, ही सेवा फार जुनी आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त रोज अंगाला तेल लावावं, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून लावावं, असं सांगितलं आहे. युनानी वैद्यकात चोळण्याला ‘दलक’ म्हणतात. इब्न सिनाने त्याचे प्रकार सांगितले. हे वैद्यक आमच्या नगरलाही परकं नव्हतं. निजामशाही दरबारात हकीम होते. बुऱ्हाण निजामशहावर तर गोव्याहून येणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही उपचार केले. त्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. वैद्याचं नाव असं टिकलं. पाय चेपणारे नोकर, सुना, लेकी यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

अपवाद एका माणसाचा. शेख दीन महंमद, जन्म १७५९, गाव पाटणा. त्यांनी इंग्लंडात ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेचं स्नान आणि अंग चेपून देण्याचा व्यवसाय थाटला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना आपल्या सेवेत मानाने नेमलं. ‘शॅम्पू’ हा शब्द हिंदीतल्या ‘चांपो’वरून इंग्रजीत गेला. आपल्याकडे तो बाटलीत भरून परत आला, तेव्हा त्यातलं चेपणं निघून गेलं होतं.

त्या मानाने हृदयाची शस्त्रक्रिया कालपरवाची. १९६७ मध्ये अमेरिकेत रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा देण्याची पद्धत रूढ केली. भारतात १९७५ साली मद्रासमधल्या पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास केली. म्हणजे या आजारात हृदयाच्या मदतीला पायच धावून येतो. माझ्या पत्नीच्याही डाव्या पायावर टाक्यांची लांब रेघ होती.

पाय चोळून हृदय बरं होतं का? तसं कुणी म्हणू नये. त्याने रक्तवाहिनी उघडत नाही, औषध बंद करता येत नाही. ब्रिटनमध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या २५ रुग्णांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. पाय चोळल्याने शरीराच्या मोजमापांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पण त्या रुग्णांना अधिक शांत वाटलं. पाहणी लहान होती, म्हणून तिचा डांगोरा पिटायला नको. तरी रात्र रात्र छताकडे पाहत पडलेल्या माणसाला ‘शांत वाटलं’ हे थोडं नसतं.

डॉक्टरांना विचारूनच मी हात लावला होता. त्यांनी बजावलं होतं : टाके असलेल्या पायाला हात लावायचा नाही. पोटरी एकाएकी सुजली, लाल झाली, दुखू लागली, तर चोळत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आत रक्ताची गुठळी असली, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मधुमेह असेल, तर तळव्याला जखम नाही ना, हे आधी पाहायचं आणि तेल गरम करायचं नाही.

म्हणून फक्त उजवा पाय. शेजारच्या काकूंनी काशाची वाटी आणून दिली. खोबरेल लावून ती तळव्यावर फिरवली, की तेल काळं पडतं. ‘उष्णता निघाली,’ असं लोक म्हणतात. खरं तर ती धातूची काळिमा. पत्नी पहिले तीन दिवस पाय ओढून घेत राहिली. चौथ्या रात्री तिने तो राहू दिला आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली.

श्रोतेहो, आपल्या घरात कुणाचे पाय चेपले जातात आणि कोण चेपतं, एवढं एकदा बघा. त्यासाठी कुणाच्या छातीवर टाके पडण्याची वाट पाहू नका.

आता टाके भरले आहेत, डॉक्टरांनी परवानगीही दिली आहे. परवा मी वाटी घेऊन बसलो, तर तिने डावा पायही पुढे केला. म्हणाली, ‘‘याने काय घोडं मारलंय?’’