चित्रकारांनी मागितलेला नाद : मुंबई, १९६७ ते १९७२

यंत्रातून निर्माण होणाऱ्या गूढ, अस्वस्थ करणाऱ्या ध्वनीची गरज मुंबईत प्रथम संगीताच्या बैठकीला भासली नाही. ती भासली चित्रकारांना आणि चित्रकारांच्या नजरेने लघुपट करणाऱ्यांना. स्वप्न आणि अबोध मन यांतून उमटणाऱ्या विसंगत प्रतिमांना जागेपणीच्या वास्तवाइतकेच खरे मानणारा अतिवास्तववाद आंद्रे ब्रेताँ याच्या १९२४ च्या जाहीरनाम्याने पॅरिसमध्ये रूढ झाला होता. मराठीत त्याची जवळीक ‘शब्द’सारख्या अनियतकालिकांभोवती जमलेल्या पिढीने ओळखली, आणि त्या पिढीतील अरुण कोलटकर व दिलीप चित्रे हे दोघेही शब्दांइतकेच रेषेशी परिचित होते. मात्र कागदावर किंवा कॅनव्हासवर स्थिर असलेली प्रतिमा पडद्यावर हलू लागली, की तिच्यासोबत काय ऐकू यावे हा प्रश्न उभा राहतो. रागाचे क्रमवार उलगडणे किंवा चित्रपटगीताची चाल यांपैकी कोणतेही उत्तर तेथे पुरेसे पडत नाही.

हा प्रश्न एका सरकारी कचेरीत सर्वांत धीटपणे हाताळला गेला, ही या इतिहासातील विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये तेथील सल्लागार जहांगीर भावनगरी यांच्या प्रोत्साहनाने काही काळ प्रयोगांना मोकळीक मिळाली. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ मध्ये तेथे ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला, ज्यात राजस्थानच्या भूमीवर छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू कोणत्याही कथेविना एकापाठोपाठ येतात, आणि बासरीवादक विजय राघव राव यांचे संगीत निवेदनाची जागा घेते. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. चेकोस्लोव्हाकियात ॲनिमेशनचे शिक्षण घेतलेल्या प्रमोद पती यांचा १९६८ चा ‘एक्सप्लोरर’ याहून कितीतरी पुढे गेला : त्यात देवप्रतिमा, प्रयोगशाळा आणि नाचणारे तरुण निमिषमात्र चमकून जातात, तर जप, ताल आणि यंत्रजन्य वाटणारे आवाज एकमेकांवर आदळत राहतात. चित्रगृहांना मुख्य चित्रपटापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचे पट दाखवणे बंधनकारक होते. त्यामुळे जगात इतरत्र मूठभर रसिकांपुरता राहिलेला अशा प्रकारचा प्रयोग येथे तिकीट काढून सिनेमाला आलेल्या सामान्य प्रेक्षकासाठी खुला झाला होता.

या ध्वनीची तांत्रिक बाजू दोन वाटांनी आली. पहिली वाट ध्वनिफितीची : पिएर शेफेर याने १९४८ मध्ये पॅरिसमध्ये दाखवून दिले होते, की ध्वनिमुद्रित आवाज कापून, उलटा फिरवून, त्याची गती बदलून रचना बांधता येते. दुसरी वाट सिंथेसायझरची, म्हणजे विद्युत्‌दाबाच्या नियंत्रणाने नाद घडवणाऱ्या यंत्राची. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीच्या सिंथेसायझरवर आधारलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. या यंत्रात ऑसिलेटर हा भाग अखंड गुंजन निर्माण करतो आणि फिल्टर त्यातील वरचे स्वरांश एकेक करून गाळतो. तंबोऱ्याची जवारी उघडली की हेच वरचे स्वरांश झळाळून येतात, आणि फिल्टर नेमके याच्या उलट करीत नादाला काळोखाकडे नेतो. या संगीताचा काळेपणा केवळ श्रोत्याच्या कल्पनेतला नाही, त्याला असा भौतिक आधार आहे.

या स्टुडिओच्या उभारणीमागे असलेल्या गीता साराभाई या पखवाजवादक होत्या, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवून त्यांच्याकडून पाश्चात्त्य स्वररचनेचे धडे घेतले होते. इकडे मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली, तेव्हा त्यांनी ती रक्कम केवळ स्वतःच्या चित्रांवर न खर्चता चित्रकार, चित्रपटकार आणि मनोविश्लेषक यांना एकत्र आणणाऱ्या ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’साठी वापरली. १९६९ ते १९७२ या काळात चाललेल्या या कार्यशाळेतच तरुण नलिनी मलानी यांनी आपले आरंभीचे चित्रपट-प्रयोग केले. स्वतः पदमसींनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा काही मिनिटांचा लघुपट केला. क्लाउड चेंबर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा मार्ग धुक्याच्या रेषेने दाखवणारे भौतिकशास्त्रातील उपकरण. त्याच अर्थाने पदमसींनी आपल्या एका जुन्या निसर्गचित्राचे रूप पडद्यावर प्रकाशाने पुन्हा उभे केले, आणि त्यासाठी संगीत दिले गीता साराभाई यांनी. पखवाजाच्या ठेक्यावर वाढलेला कान आणि चित्रकाराचा डोळा यांचा हा संयोग या काळातील सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. दुर्दैवाने या लघुपटाची एकच प्रत होती आणि ती दिल्लीला प्रदर्शनासाठी पाठवल्यावर हरवली.

परंपरा टिकण्यासाठी शिष्य, श्रोते आणि वादनाची जागा लागते. या प्रयोगांना त्यांपैकी काहीच मिळाले नाही. अधिछात्रवृत्तीची मुदत संपली, अहमदाबादचा स्टुडिओ बंद पडला, प्रमोद पती १९७५ मध्ये अकाली निवर्तले. संगीतसमीक्षकांनी हे काम चित्रकलेचे मानले, कलासमीक्षकांनी चित्र पाहिले पण त्यामागचा आवाज ऐकला नाही, आणि या दुहेरी दुर्लक्षाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली : आपल्या देशात असे काही होऊन गेले हे ठाऊक नसल्याने येथील तरुण संगीतकार अनेक दशके आपले पूर्वसूरी केवळ जर्मनी आणि इंग्लंडमध्ये शोधत राहिले. २०१६ मध्ये अशीम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींसोबत त्या हरवलेल्या लघुपटाचा माग घेणारा पट केला. डिझाइन संस्थेच्या संग्रहातून पॉल पर्गस यांनी शोधलेल्या फितींतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि गीता साराभाई यांनी तेथील मूग सिंथेसायझरवर केलेले काम अर्धशतकानंतर श्रोत्यांना ऐकता येऊ लागले.