अठरा पैसे

मुंबईच्या फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेत आमच्या बँकेच्या टेंडरचं पाकीट पोचवायचं काम 1993 पासून माझ्याकडे होतं. फॉर्मवर सह्या, शिक्के, रक्कम सगळं असायचं. कोरी असायची ती फक्त भावाची चौकट. तिथे पोचलो की पीसीओवरून साहेबांना फोन लावायचा. ते दबक्या आवाजात आकडा सांगायचे. मग फॉर्म भिंतीला टेकवायचा, शेजारच्या बँकेच्या शिपायाला दिसू नये म्हणून अंगाचा आडोसा करायचा, आकडा लिहायचा आणि पाकीट चिकटवून पेटीत टाकायचं. वेळ संपायला पाच मिनिटं उरेपर्यंत पेटी रिकामी आणि मग एकदम झुंबड.

या धावपळीची आम्हाला सवय नव्हती. टेंडरं असायची ट्रेझरी बिलांची, म्हणजे सरकारच्या थोड्या मुदतीच्या कर्जाची. ही बिलं भारतात 1917 पासून आहेत, पण 1974 पासून जवळजवळ दोन दशकं 91 दिवसांच्या बिलाचा दर 4.6 टक्क्यांवर खिळलेला. सोनं कुठल्या कुठे गेलं, हा दर जागचा हलला नाही. भाव ठरलेला, मग डोकं कशाला चालवायचं? 1992 च्या एप्रिलात 364 दिवसांच्या बिलांचा लिलाव सुरू झाला, जूनमध्ये सरकारी रोख्यांचा, आणि 1993 च्या जानेवारीत 91 दिवसांच्या बिलांचा. तोवर व्याजाचा दर दिल्लीहून यायचा. आता तो आमच्या पाकिटांतून निघायला लागला.

एखादं चित्र लिलावात निघालं तर एकच घेणारा, एकच भाव. इथे मात्र शेकडो कोटींची बिलं, सगळी एकसारखी, आणि घेणारे पंचवीस-तीस. टेंडरं चढ्या भावापासून खाली लावायची, विकायची रक्कम संपेपर्यंत वाटप करायचं, आणि शेवटी ज्याला मिळालं त्याचा भाव म्हणजे कट-ऑफ. इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही. पण पैसे कोणी किती द्यायचे? आमचा नियम होता, ज्यानं जे लिहिलं ते त्यानं द्यायचं. ऐकायला किती न्याय्य!

एकदा साहेबांनी मनातला खरा भाव सांगितला. दहा कोटींची बिलं हवीच होती, त्यामुळे हात राखला नाही. निकाल लागला तेव्हा कट-ऑफ आमच्या भावापेक्षा शंभराला 18 पैशांनी खाली. तीच बिलं, तीच मुदत, तोच दिवस, आणि आम्ही शेजाऱ्यापेक्षा 1 लाख 80 हजार रुपये जास्त मोजलेले. वरून विचारणा आली : बिलं घेतलीत की देणगी दिलीत? फोनवर तू आकडा नीट ऐकला नाहीस, असंही माझ्या नावावर खपवून झालं. मी नीट ऐकला होता.

त्या दिवसानंतर आमच्या बँकेनं खरा भाव कधी लिहिला नाही. साहेब सकाळपासून इतर बँकांना फोन करायचे, ‘काय वाटतंय आज?’ ज्यांची अशी ओळखपाळख नव्हती त्या लहान बँका एकतर महाग घेत, नाहीतर हात हलवत परत जात. राज्य सरकारं आणि भविष्य निर्वाह निधी यांना भाव न लिहिता सरासरी भावात बिलं मिळायची सोय होती, हे शहाणपणाचं. बाकीच्यांना मात्र बिलाच्या किमतीचा नव्हे, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज बांधावा लागे.

हे दुखणं अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमननं 1959 मध्येच अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे मांडलं होतं : सगळ्यांना कट-ऑफचाच एक भाव लावा, म्हणजे लोक निर्धास्त लिहितील. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. 1991 मध्ये सॉलोमन ब्रदर्स या तिथल्या बड्या पेढीनं एका बोलीदाराला असलेली 35 टक्क्यांची मर्यादा चुकवायला ग्राहकांच्या नावावर, त्यांना न विचारता, टेंडरं भरल्याचं उघड झालं, 29 कोटी डॉलर भरावे लागले, आणि मग पुढच्या वर्षी अमेरिकेनं एक भाव करून पाहिला.

आपल्याकडे 91 दिवसांच्या बिलांना तो 1998 च्या नोव्हेंबरात आला. जुन्या पद्धतीला आम्ही फ्रेंच म्हणत असू, नव्या पद्धतीला डच. गंमत अशी की हॉलंडच्या फुलबाजारात भाव वरून खाली उतरतो आणि पहिलं बटण दाबणारा स्वतःच्याच भावाला माल घेतो. म्हणजे खरा डच लिलाव आमच्या फ्रेंचचा सख्खा भाऊ!

साहेब खूश. पण महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन टेंडरं भरतो, एक चढं आणि एक खालचं. खालचंच कट-ऑफ ठरलं तर वरच्यालाही तोच भाव. मग खालचं आणखी दाबून का लिहू नये? म्हणजे लहान घेणारा खरं लिहू लागला आणि मोठ्याला खोटं लिहायचं नवं कारण मिळालं. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्रीनं 1961 मध्ये यावर तोड काढली होती : तुमच्यामुळे ज्यांना माल मिळाला नाही, ते जेवढे देणार होते तेवढे तुम्ही द्या. 1996 मध्ये त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत तो वारला. त्याचा हिशेब पक्का आहे, पण एकाच बिलाला दोन बँकांना दोन भाव का, हे आमच्या ऑडिटरला कोण समजावणार? मला विचाराल तर मी एक भाव आणि कडक मर्यादा यांच्याच बाजूचा. अठरा पैसे अजून बोचतात.

2002 मध्ये टेंडरं संगणकावर गेली. 2021 च्या जुलैत रिझर्व्ह बँकेनं 2 ते 14 वर्षांच्या मुख्य रोख्यांना एक भाव लावला. ट्रेझरी बिलं मात्र तोवर पुन्हा ‘लिहाल ते द्या’वर गेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात सामान्य माणसाला थेट बिलं घेता यावीत म्हणून रिटेल डायरेक्ट आलं आणि आमच्या हिनं फोनवर खातं उघडलं. परवा बिल घेताना चष्मा लावून बसली होती. दहा हजारांचा आकडा टाकला आणि फोन माझ्यासमोर धरला.

“अहो, भाव कुठे लिहायचा?”

मी खालपर्यंत पाहिलं. तिच्या फॉर्मला ती चौकटच नव्हती.