'दशावतार' आणि नववा अवतार: मुंबईचा एक मेटल अल्बम, झाडीपट्टीच्या संदर्भात

मुंबईच्या 'डीमॉनिक रिझरेक्शन' या हेवी मेटल बँडने मार्च २०१७ मध्ये 'दशावतार' हा अल्बम प्रसिद्ध केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या प्रत्येक अवताराला एक अशी यात दहा गाणी असून त्यांची भाषा इंग्रजी आहे आणि प्रत्येक शीर्षकात अवताराच्या संस्कृत नावापुढे त्याची इंग्रजी ओळख जोडलेली आहे. जागतिक पातळीवर रुळलेल्या संगीतप्रकारात भारतीय कथाविषय आणण्याचा एक ठळक प्रयत्न म्हणून या अल्बमची नोंद घेतली जाते आणि ती योग्यही आहे. मात्र 'भारतीय' म्हणून निवडलेली ही दहा नावांची यादी भारतात सर्वत्र एकसारखी कधीच नव्हती, आणि ज्या महाराष्ट्रात हा अल्बम तयार झाला त्याच राज्याच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीतील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत, या यादीतील काही नावे स्पष्टपणे नाकारली गेली आहेत. अल्बमची घडण आणि ही नकाराची परंपरा यांचा एकत्र विचार केला, तर मेटलसारख्या संगीतात परंपरेचा कोणता पाठ प्रवेश करतो, हे अधिक नेमकेपणाने कळते.

हेवी मेटल हा रॉक संगीताचा एक उपप्रकार असून विद्युत गिटारचा मुद्दाम खरखरीत आणि जाड केलेला आवाज, 'रिफ' म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली आणि ड्रमचा आघाती वेग ही त्याची मुख्य अंगे होत. या प्रकाराचा आरंभ साधारणतः इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या शहरातील 'ब्लॅक सॅबथ' या बँडच्या १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या पहिल्या अल्बमपासून मानला जातो. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली, आणि डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच होता. पुढे तारा दाबणे सुसह्य व्हावे म्हणून त्याने त्या सैल लावल्या आणि त्यातून निघालेला खालच्या पट्टीचा, जड स्वर या संगीताची खूण बनला. बर्मिंगहॅममध्ये मेटल अशा रीतीने कामगारवस्तीतील तरुणांच्या हातून घडले.

भारतात मात्र त्याचा मार्ग वेगळा होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचे गिरणगाव उद्ध्वस्त होत असतानाच, १९८४ मध्ये, त्याच शहरात 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला, परंतु त्याचा श्रोतृवर्ग गिरणगावातील नसून इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांतील होता. त्याचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा अल्बम १९८८ मध्ये आला. शाहिरी कवने, भजनी मंडळे आणि भीमगीते यांनी व्यापलेल्या कामगारांच्या संगीतविश्वाशी या नव्या संगीताचा फारसा संबंध आला नाही. कोळसाखाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि औष्णिक वीजकेंद्र यांमुळे चंद्रपूर हा जिल्हा महाराष्ट्रातील मोठ्या उद्योगक्षेत्रांपैकी एक बनला, पण तेथील श्रमिकांनीही आपले संगीत भजन, भीमगीत, कव्वाली आणि झाडीपट्टीचे नाटक यांतच शोधले. यंत्रांचा गोंगाट असला म्हणजे मेटल आपोआप जन्मते, हा समज त्यामुळे टिकत नाही. भारतात या संगीताचा प्रसार ठरवण्यात भाषा, शाळा आणि परदेशी कॅसेट मिळण्याची सोय यांचा वाटा कारखान्यांपेक्षा मोठा होता.

मुंबईतील रॉक आणि मेटलप्रेमींचे एकत्र येण्याचे प्रमुख ठिकाण धोबीतलावजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह होते. १९८६ मध्ये सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तेथेच नावारूपाला आला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि महाविद्यालय व रुग्णालय यांच्या शेजारी असलेल्या रंगभवनात मोठ्या आवाजाचे कार्यक्रम पुढील काही वर्षांत बंद झाले. 'डीमॉनिक रिझरेक्शन'ची स्थापना २००० मध्येच, या संक्रमणाच्या काळात झाली. बँडचा संस्थापक, गायक आणि गिटारवादक साहिल मखिजा 'डेमनस्टीलर' या टोपणनावाने ओळखला जातो. व्यापारी ध्वनिमुद्रण कंपन्यांना अशा संगीतात रस नसल्याने त्याने स्वतःचे 'डेमनस्टीलर रेकॉर्ड्स' हे प्रकाशन सुरू केले आणि आपल्याबरोबर इतर बँडचे अल्बमही त्यातून बाहेर आणले. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५) आणि 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०) या अल्बममधून बँडने स्वतःची काल्पनिक अंधारकथा रचली. त्यांपैकी दुसरा अल्बम ब्रिटनच्या 'कँडललाइट रेकॉर्ड्स'ने जगभर वितरित केला आणि त्याच वर्षी 'मेटल हॅमर' या ब्रिटिश नियतकालिकाचा 'ग्लोबल मेटल' पुरस्कार बँडला मिळाला. २०१४ मध्ये 'द डीमन किंग' आला आणि त्यानंतर तीन वर्षांनी 'दशावतार'.

स्वरचित अंधारकथेकडून पुराणकथेकडे झालेले हे वळण जागतिक मेटलच्या इतिहासात अपवादात्मक नव्हते. स्वीडनच्या 'बाथोरी' या बँडने १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्डिक देवकथा मेटलमध्ये आणल्या, इस्रायलच्या 'ऑर्फन्ड लँड'ने 'मबूल' (२००४) या अल्बममध्ये जलप्रलयाची कथा मांडली, आणि सिंगापूरच्या 'रुद्र' या भारतीय वंशाच्या तरुणांच्या बँडने वेदान्ताचे विषय घेऊन आपल्या संगीताला 'वेदिक मेटल' असे नाव दिले. आपल्या भूमीची कथा सांगून जगाच्या बाजारात स्वतःची ओळख ठसवणे ही या प्रकारातील मान्य रीत होती, आणि 'दशावतार' तिला अनुसरून घडला. 'संकल्पना अल्बम', म्हणजे ज्यातील सर्व गाणी एकाच कथासूत्रात ओवलेली असतात असा अल्बम, या रचनेला दहा अवतारांची यादी आयतीच सोयीची होती, कारण त्यात क्रम आहे, प्रत्येक भागाला स्वतंत्र नायक आहे आणि शेवटी कल्कीच्या रूपाने संहाराचा कळसही आहे. कंठाच्या तळातून काढलेला गुरगुरता आवाज, दोन्ही पायांनी वाजवलेल्या बेस ड्रमचा अखंड मारा आणि त्यांच्या मधून येणारे भारतीय वाद्यांचे सूर अशा बांधणीत हिरण्यकशिपूचा वध किंवा परशुरामाचा परशू यांचे वर्णन सहज बसते. ज्या अवतारांत संहार नाही त्यांची मांडणी तुलनेने अवघड होती, आणि त्यांत नववा अवतार प्रमुख आहे: अल्बममध्ये तो 'द टीचर', म्हणजे शिक्षक, या ओळखीने येणारा बुद्ध होय.

अवतारांची ही यादी आज सर्वपरिचित असली, तरी तिला मोठा आणि वादग्रस्त इतिहास आहे. भागवत पुराणात बुद्धाचा अवतार देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी झाल्याचे सांगितले आहे, तर बाराव्या शतकातील जयदेवाच्या 'गीतगोविंद'मध्ये तोच अवतार यज्ञातील पशुहिंसेचा निषेध करणारा, करुणामय असा आहे. त्याच काव्यात कृष्ण हा सर्व अवतारांचे मूळ मानला गेल्याने आठव्या स्थानी बलराम येतो. महाराष्ट्रातील अनेक मंदिरशिल्पांत आणि पंचांगांत नवव्या स्थानी पंढरपूरचा विठ्ठल दाखवला जातो, आणि विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हणण्याची रीत संतसाहित्यातही आढळते. कोकणातील दशावतारी नाटकात तर 'आडदशावतार' या पूर्वरंगानंतर लागणाऱ्या आख्यानात दहाही अवतार क्रमाने रंगवले जात नाहीत; पूर्वरंगातही शंखासुराचा विनोद आणि त्याचा चावटपणा हाच प्रेक्षकांच्या विशेष आवडीचा भाग असतो. याचा अर्थ असा की अल्बमने स्वीकारलेला नेमका, समान वजनाच्या दहा भागांचा क्रम हा परंपरेचा एक पाठ आहे, आणि इंग्रजीतून शिकलेल्या शहरी पिढीपर्यंत मुख्यतः हाच पाठ पोहोचला आहे.

या यादीचा जाहीर नकार चंद्रपुरातही घडला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि आपल्या अनुयायांना दीक्षा दिली; त्यानंतर बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे दुसरा मोठा दीक्षासमारंभ झाला. या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी दुसरी राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची असून पाचवी बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत नाकारणारी आहे. अल्बमच्या क्रमाने पाहिले तर सातवा, आठवा आणि नववा असे लागोपाठ तीन अवतार या दोन प्रतिज्ञांच्या कक्षेत येतात. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरमध्ये दरवर्षी मोठा समुदाय जमतो, आणि तेथे म्हटली जाणारी भीमगीते हा या जिल्ह्याच्या संगीतजीवनाचा मोठा भाग आहे. त्या गीतांत बुद्ध हा शिक्षक म्हणूनच येतो, परंतु विष्णूच्या यादीतील एक क्रमांक म्हणून येत नाही. अल्बममधील नवव्या गाण्याच्या शीर्षकाने बुद्धाला दिलेली ओळख आणि चंद्रपूरच्या बौद्ध श्रोत्याची ओळख शब्दशः जुळत असूनही त्या गाण्याची जागा मात्र त्याला मान्य होण्यासारखी नाही.

गडचिरोलीच्या गोंड समाजात या यादीपासूनचे अंतर आणखी वेगळ्या प्रकारचे आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर परिसरात गोंडांच्या परधान या गायक-कथेकरी समाजाकडून लिंगोचे गीत टिपून घेतले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी ते प्रसिद्ध केले. या गीतात गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवणारा आणि त्यांच्या कुळांची व्यवस्था लावणारा लिंगो हा नायक आहे. गोंड परंपरेत तोच संगीताचा आद्य पुरुष मानला जातो आणि बस्तरच्या मुरिया गोंडांच्या कथांत तो अठरा वाद्ये वाजवतो. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला भरणारी यात्रा याच मुक्तिकथेशी जोडलेली आहे. गडचिरोलीतील काही गोंड गावांत रावणाची पूजा होते, त्यामुळे सातव्या अवताराच्या कथेतील खलनायक तेथे पूर्वज ठरतो. एटापल्ली आणि भामरागडच्या भागातील गोटुल, म्हणजे गावातील तरुणांनी एकत्र जमण्याची सामाजिक संस्था, आणि तेथील ढोलाच्या तालावर चालणारी रेला नृत्ये यांच्यामागे ही स्वतंत्र देवकथा उभी आहे. आपल्या भूमीची कथा मोठ्या आवाजात सांगणे हे मेटलचे उद्दिष्ट मानले, तर या प्रदेशाकडे अशी संपूर्ण कथा संगीतासह पूर्वीपासूनच आहे.

आवाज आणि प्रेक्षक यांच्या अर्थकारणातही दोन्ही जगांत मोठा फरक आहे. झाडीपट्टी रंगभूमी ही चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या भातपट्ट्यातील व्यावसायिक नाट्यपरंपरा असून दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांच्या वातावरणात ती वाढली. दिवाळीनंतर होळीच्या सुमारापर्यंत मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने तिचे तिकीट लावलेले प्रयोग रात्रभर चालतात. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे तिच्या नाट्यमंडळांचे मुख्य केंद्र आहे, आणि तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. येथे संगीतसाथ रंगमंचालगत प्रत्यक्ष असते आणि गाव प्रयोग मागवते, त्यामुळे निर्मितीचा खर्च त्या हंगामातील प्रेक्षकच भरून काढतो. 'दशावतार'सारख्या अल्बमचा श्रोता मात्र एका गावात नसून मुंबई, बंगळुरू, युरोप आणि अमेरिका अशा ठिकाणी विखुरलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंग्रजी भाषा व सर्वमान्य वाटणारी यादी या दोन्हींचा उपयोग होतो. ज्या श्रोत्याला वामन किंवा वराह यांची ओळखच नाही, त्याला नवव्या स्थानाचा वाद सांगण्याला गाण्यात वाव नसतो, आणि शीर्षकातच ओळख जोडण्याची गरज याच कारणाने पडते.

अल्बमनंतरची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. मखिजाने 'डेमनस्टीलर' या नावाने स्वतंत्रपणे काढलेल्या 'द प्रोपगंडा मशीन' (२०२३) या अल्बममध्ये पुराणकथेला स्थान नाही. राजकीय प्रचार आणि पसरवली जाणारी खोटी माहिती हे त्याचे विषय आहेत. पुराणकथेने जगापुढे ओळख मिळवून दिली तरी वर्तमानातील मतभेद मांडायला ती पुरत नाही, असा निष्कर्ष या दोन अल्बमची तुलना केल्यास काढता येतो. 'दशावतार'चे मूल्य त्यामुळे कमी होत नाही, कारण साधनांची टंचाई असताना दहा गाण्यांचा असा सुसूत्र प्रकल्प पुरा करणे ही भारतीय मेटलमधील महत्त्वाची कामगिरी आहे. परंतु अल्बमचा स्वीकार परीक्षणे आणि पुरस्कार यांच्यापुरता मोजला, तर तो ज्या परंपरेचे नाव घेतो तिच्यातील वाद नजरेआड होतात. चंद्रपुरातील १९५६ चा समारंभ आणि गडचिरोलीतील लिंगोची गाथा ही या परंपरेच्या इतिहासात समाविष्ट केली, म्हणजे 'दशावतार' हा भारतीय पुराणकथेचा अल्बम असण्याबरोबरच त्या कथेच्या अनेक पाठांपैकी एकाच, शहरी आणि इंग्रजीतून प्रवास करणाऱ्या पाठाचा दस्तऐवज आहे हेही स्पष्ट होते.