सम्राट कोण ठरवतं?

या व्याख्यानमालेत आपण राज्य, सत्ता, सार्वभौमत्व अशा शब्दांचा अर्थ तपासत आलो आहोत. आजचा शब्द आहे ‘सम्राट’. सुरुवात आम्ही एका संगणकीय खेळापासून करणार आहोत.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा खेळ तरुण श्रोत्यांना माहीत असेल. १४४४ ते १८२१ या काळातलं एखादं राज्य निवडायचं आणि ते वाढवत न्यायचं. त्यात सत्तेचे तीन दर्जे आहेत: ड्यूकचं संस्थान, राज्य आणि साम्राज्य. प्रत्येक प्रांताच्या विकासाला एक आकडा असतो. त्यांची बेरीज ३०० झाली की राज्य, १००० झाली की साम्राज्य, असा ढोबळ नियम. अटी आणि अपवाद आहेत, पण गाभा हाच: आधी मोठे व्हा, मग पदवी घ्या.

आता प्रश्न असा, की पदवी ही मोजता येणारी गोष्ट आहे का? डोंगराची उंची कोणी मानो न मानो, ती तेवढीच राहते. नोटेचं तसं नाही. समोरचा घेतो तोवरच ती नोट, नाहीतर कागद. आमचं म्हणणं असं, की पदवी ही नोटेच्या जातीची आहे.

प्रशियाचं उदाहरण घ्या. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रेडरिक याला राजा व्हायचं होतं. पण तो पवित्र रोमन साम्राज्याचा घटक, आणि त्या चौकटीत स्वतःला राजा म्हणवणं सोपं नव्हतं. त्याच्याकडे प्रशियाची डची होती, ती मात्र साम्राज्याच्या हद्दीबाहेर. म्हणून १८ जानेवारी १७०१ला त्याने क्योनिग्जबर्गला स्वतःच्या हाताने मुकुट घातला. त्याआधी सम्राट लिओपोल्डची संमती मिळवली होती, आणि बदल्यात ८,००० सैनिक द्यायचं कबूल केलं होतं.

तरीही पदवी मिळाली ती ‘प्रशियातला राजा’ अशी, ‘प्रशियाचा राजा’ अशी नव्हे. कारण प्रशियाचा पश्चिम भाग पोलंडच्या राजाकडे होता. सप्तमी जाऊन षष्ठी यायला १७७२ साल उजाडलं. पोलंडच्या पहिल्या फाळणीत तो भाग बळकावल्यावर त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक ‘प्रशियाचा राजा’ झाला. एका प्रत्ययासाठी ७१ वर्षं!

रशियाचं बघा. १७२१मध्ये स्वीडनवर विजय मिळवल्यावर पीटरने ‘इम्पेरातोर’ ही पदवी घेतली. सैन्य, प्रदेश, नौदल, सगळं होतं. खेळाच्या हिशेबात प्रश्नच नव्हता. पण युरोपात सम्राट एकच, रोमचा वारस, अशी जुनी समजूत होती. प्रशिया आणि नेदरलँड्सने पदवी लगेच मानली, हरलेल्या स्वीडनने १७२३मध्ये. ऑस्ट्रिया आणि ब्रिटन १७४२पर्यंत थांबले, फ्रान्स आणि स्पेन १७४५पर्यंत, पोलंड तर १७६४पर्यंत. पीटर वारला १७२५मध्ये. म्हणजे ज्याने पदवी घेतली, त्याला युरोपातल्या बहुतेक मोठ्या दरबारांनी हयातीत सम्राट मानलंच नाही.

कोणी म्हणेल, उशिरा का होईना, बळापुढे सगळे झुकलेच ना? झुकले. पण मग उलट उदाहरणाचं काय करायचं? ते आपल्याच इतिहासात आहे. १७८४मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना ‘वकील-ए-मुतलक’ हे पद दिलं आणि कारभार महादजी शिंद्यांकडे आला. १७८८मध्ये गुलाम कादिरने या बादशहाचे डोळे काढले. त्याच्याकडे ना फौज उरली होती, ना खजिना. तरी १७९२मध्ये महादजींनी त्याचं फर्मान पुण्यात आणलं आणि सवाई माधवरावांनी ते समारंभपूर्वक स्वीकारलं. त्यासाठी सातारच्या छत्रपतींची संमतीही घ्यावी लागली.

बळ एकाकडे, मान्यता द्यायचा अधिकार दुसऱ्याकडे, आणि घरात आणखी एक धनी! खेळाच्या पडद्यावर पेशव्यांच्या दर्जाला रकाना एकच. इथे कोणता आकडा लिहायचा?

हेगेलने ‘मान्यता’ ही कल्पना तत्त्वज्ञानाच्या मध्यभागी आणली. मी कोण आहे हे मी एकटा ठरवू शकत नाही, त्याला दुसरा लागतो, असा तिचा थोडक्यात आशय. आणि तो दुसरा माझ्याहून दुबळा असला तरी चालतो, हे शाह आलमवरून दिसतं.

आम्ही खेळाच्या विरोधात नाही. क्योनिग्जबर्ग नकाशावर कुठे आहे हे जो खेळामुळे शिकला, तो पुष्कळ शिकला. पण आकड्यांची सवय लागली की मोठं राज्य म्हणजेच वैध राज्य, असं वाटू लागतं. हा गैरसमज महाग पडतो. आजही एखादा प्रदेश स्वतःला स्वतंत्र देश जाहीर करतो, तेव्हा त्याचं क्षेत्रफळ विचारून भागत नाही. त्याला कोणी मानलं, कोणी नाकारलं आणि कशाच्या बदल्यात, हे विचारावं लागतं. खेळताना दर्जा वाढवायचं बटण दाबाल, तेव्हा हाच प्रश्न स्वतःला विचारून बघा.

पुढच्या वेळी १८०६मध्ये पवित्र रोमन साम्राज्य विसर्जित झालं, त्याविषयी बोलू.