कुरणशाळेचं कूळ

गुरं राखणारं पोर शाळेत येत नाही, ही तक्रार आपल्याकडच्या शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तक्रार करणं सोडलं आणि शिक्षकालाच गुरांमागे धाडलं. वारली मुलं ज्या माळावर जनावरं घेऊन जात, तिथे पाटी-पेन्सिल जाऊ लागली. खडे, बिया, पानं मोजत हिशेब शिकायचा, अक्षरं गिरवायची, आणि हे सगळं गुरांवर नजर ठेवून. घरची कामाची माणसं कमी होत नव्हती आणि पोराचं शिक्षणही थांबत नव्हतं. या व्यवस्थेचं नाव कुरणशाळा.

आज शहरांतून मुलांना मातीत खेळू देणाऱ्या, झाडांखाली शिकवणाऱ्या शाळांचं कौतुक होतं आणि त्यासाठी पालक भरपूर फी मोजतात. या शाळांचा वंश शोधत गेलं की बहुधा युरोपात जाऊन थांबायची सवय आहे. तिकडची शाखा खरीच आहे, पण आपली शाखा तिच्याहून वेगळी आहे.

युरोपात उघड्यावरची शाळा क्षयाच्या भीतीतून जन्मली. १९०४ साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबर्ग इथे पाइनच्या रानात पहिली ‘वनशाळा’ सुरू झाली. अशक्त, रक्त कमी असलेली, क्षयाच्या उंबरठ्यावरची मुलं तिथे निवडून आणली जात. तास छोटे, जेवण भरपूर, दुपारी मोकळ्या हवेत सक्तीची विश्रांती. मुलांची वजनं वाढली, चेहरे उजळले आणि तीन वर्षांत लंडननेही तसाच प्रयोग केला. लंडनच्याच डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट मॅकमिलन यांनी बागेतली बालशाळा उभी केली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयावर औषधं आली आणि या शाळा एकेक करत ओसरल्या. मोकळी हवा हे औषध होतं. दुसरं औषध मिळाल्यावर मुलं पुन्हा चार भिंतींत गेली.

आपल्याकडे ही वाट आजारातून फुटली नाही. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले, ते मुलाचं मन कोंडू नये म्हणून. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालशिक्षणाचे प्रयोग करत होते. राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि माँटेसरीचा विचार गुजरातीतून, मराठीतून घराघरांत जाऊ लागला. मात्र तो पोचत होता तो मध्यमवर्गाच्या घरांत. महागडी साधनं, खास बांधलेले वर्ग, हे खेड्याला परवडणारं नव्हतं.

ती अडचण सोडवायला ताराबाई १९४५ साली बोर्डी या गावी आल्या. त्याच वर्षी अनुताई तिथे रुजू झाल्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य आणि त्यानंतर जिद्दीने शिकून झालेली शिक्षिका, अशी ही बाई. बोर्डीच्या बालवाडीत दलित वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा या दोघींनी त्या वस्तीच्याच अंगणात वर्ग मांडला. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं आसपासचीच, बिनपैशाची. पुढे दशकभराने काम कोसबाडला, आदिवासी पाड्यांत गेलं आणि अंगणातून निघालेली शाळा कुरणात पोचली. या सगळ्या वाटचालीत नियम एकच राहिला: मूल जिथे आहे, तिथे शिक्षकाने जायचं.

याच घराण्यातली पुढची पिढी देशभर पसरली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एका छताखाली आणणाऱ्या तिच्या केंद्राला अंगणवाडी म्हणतात. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. ताराबाई मात्र योजना सुरू होण्याआधी दोन वर्षं, १९७३ साली गेल्या. अंगणाचं नाव पोचलं, आहार पोचला, लस पोचली. उघडं आकाश मात्र वाटेत गळालं. कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात आणि मुलं सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून बसतात.

यात मुलांचं नुकसान किती होतं, हे आता डोळ्यांचे डॉक्टर सांगू शकतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं गेलं. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधूक दिसण्याचा दोष (ऱ्हस्वदृष्टी) जडला होता. नेहमीच्या शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. उजेड भरपूर मिळाला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांबट होण्याला आळा बसतो, असं मानलं जातं. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांसाठी दिवसाला १२० मिनिटं बाहेर, असं धोरणच केलं. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही वर्गातल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो. त्याला पैसे पडत नाहीत.

पैसे पडत नसले तरी जागा लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा केला. तेव्हापासून मुलं प्रकल्पवह्या भरतात, पाणी वाचवण्याची चित्रं चिकटवतात. दुसरीकडे गावांची गायरानं अतिक्रमणात जात राहिली. इतकी, की २०११ साली त्याच न्यायालयाला सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश राज्यांना द्यावे लागले. खुद्द कोसबाडचा डहाणू तालुका १९९१ साली केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि त्याच्या राखणीसाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. आता त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. कुरण नसेल तर कुरणशाळा कुठे भरवायची?

म्हणून कोसबाडची आठवण नुसती कृतज्ञतेने काढून भागणार नाही. ज्या मुलाला करवंदाची जाळी, ओढ्याचं पाणी, पळसाचं पान रोज हाताळायला मिळतं, त्याला ते राखायला वेगळा धडा लागत नाही. आणि ज्याला ते कधी दिसलंच नाही, त्याच्या वहीतल्या चित्राने माळ वाचत नाही. प्रत्येक अंगणवाडीला सावलीचं झाड आणि कुंपण घातलेली मोकळी जागा मिळाली पाहिजे. सेविकेच्या रोजच्या कामात मुलांना बाहेर नेण्याची वेळ धरली पाहिजे आणि त्यासाठी तिच्यावरचा नोंदवह्यांचा भार हलका केला पाहिजे. ग्रामसभेने गायरानाचा तुकडा मुलांच्या नावाने राखून ठेवला पाहिजे. ताराबाई-अनुताईंना यातलं काहीही आयतं मिळालं नव्हतं. आपल्याकडे १४ लाख अंगणवाड्या आधीच उभ्या आहेत. त्यांची दारं बाहेरच्या बाजूला उघडायची, एवढंच काम उरलं आहे.